चाड्यावरची मूठ

आमच्या गावच्या जगदेवीअक्काला तुम्ही कदाचित पेपरातल्या फोटोत पाहिलं असेल. सोलापूरच्या शेतीच्या प्रदर्शनात तिचा सत्कार झाला होता. हातात नारळ, अंगावर शाल, आणि तोंड असं की कुणी दंड ठोठावलाय. फोटो काढणारा "आजी, हसा की" म्हणून थकला. मी शेजारीच उभी होते आणि मला तिचा राग आला होता. चार माणसांत मान मिळतोय तर बाईनं जरा हसावं की नाही? मी अंगणवाडीची बाई, रुसलेल्या पोरांना हसवण्यात माझा हातखंडा. पण हिच्यापुढे माझी मात्रा चालली नाही. ती का हसली नव्हती, हे मला गेल्या वर्षी कळलं.

गाव दक्षिण सोलापुरात, सीनेच्या काठाला. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि भांडण जी भाषा आधी तोंडात येईल तिच्यात. जगदेवीअक्काचं माहेर भीमेपलीकडचं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं ओटीत शाळूचं बी घातलं होतं. शाळू म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. या वाणाला दगडी म्हणतात. दाणा असा टणक की दळताना गिरणीवाला तोंड वाकडं करतो, आणि पोत्यांनी पिकावा असाही नाही. पण जिथं चार बोटं मातीखाली मुरूम लागतो आणि पेरणीनंतर पाऊस पाठ फिरवतो, तिथंही हा उभा राहतो. माणसाला भाकरी आणि बैलाला कडबा देतोच. अक्कानं हे बी चाळीसेक वर्षं राखलं. दरवर्षी कणसं निवडायची, उन्हात वाळवायची, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची, मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपायचं. तिचा मुलगा सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानात आहे. तो म्हणायचा, अव्वा, आता पिशवीतलं बी मिळतं, कशाला हा उपद्व्याप? ती ऐकून घ्यायची आणि मडकं लिंपायची.

पुढे एका संस्थेची माणसं आली आणि आमच्या बचत गटाची बीज बँक झाली. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत मडकी आणि पत्र्याचे डबे मांडले. हुलगा, मटकी, खपली गहू, काटेरी करडई, आणि अक्काचा दगडी शाळू. नेलं त्याच्या दुप्पट सुगीला परत करायचं, एवढाच नियम. संस्थेच्या साहेबांनी त्यावर दोन तास भाषण केलं. मी दोन वाक्यांत सांगते. दुकानातल्या पिशवीवर सगळं छापलेलं असतं, पण आमच्या रानात पाऊस कुठल्या आठवड्यात दडी मारतो हे त्या पिशवीला ठाऊक नसतं. आजी-पणजीपासून इथल्याच मातीत वाढलेल्या दाण्याला ते ठाऊक असतं, आणि तो दाणा एकदा गेला की कुठल्याच दुकानात मिळत नाही.

बँकेची प्रमुख अक्का. तिच्यावरून आमच्या रोज कुरबुरी व्हायच्या, कारण ती माप भरताना हात आखडायचीच नाही. शेर द्यायचा तर शेरावर शीग, शिगेवर आणखी मूठ. मी म्हणायची, "अक्का, अशानं बँक बुडंल." ती म्हणायची, "बुडू दे. कमी दिलं म्हनून कुनी बोलाय नगं." मला वाटायचं, काय मोठ्या मनाची बाई आहे! हुरड्याच्या दिवसांत पहिली पाटी ती आपल्या धाकट्या जावेकडे, नीलव्वाकडे पाठवायची. त्या घरात नवराबायको दोघंच. एवढा हुरडा खाणार कोण? तरी पाटी जायचीच. आणि स्वतः अक्का दगडीची भाकरी खायची नाही. विचारलं तर म्हणायची, दातांना सोसत नाही. दात तिचे माझ्यापेक्षा धड आहेत.

नीलव्वा बँकेत कधी आली नाही. घर गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. स्वभाव गोड, पण बियांचा विषय निघाला की "माजा हात नगं त्यात" म्हणून उठून जायची. पेरणीच्या दिवसांत तर घराबाहेरच पडायची नाही. का, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. मी सून म्हणून आले त्याच्या आधीच ते होऊन गेलं होतं, म्हणून मला इकडून तिकडून कळलं. हे कळायचं तर आधी मूठ समजून घ्यायला हवी.

आमच्याकडे बैलांच्या तिफणीवर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. वाटीतून खाली नळ्या जातात. पुरुष बैल हाकतो आणि बाई मागून चालत मुठीतून त्या चाड्यात बी सोडते. तिलाच चाड्यावर मूठ धरणं म्हणतात. बी सारखं पडलं पाहिजे, दाट नाही आणि विरळही नाही. आता ट्रॅक्टर आले, पण मुरमाड उतारावर अजून तिफणच चालते. नीलव्वा नवी नवरी होती तेव्हा तिच्यासारखी मूठ पंचक्रोशीत नव्हती म्हणे. सासरे थोरल्या सुनेला बाजूला करून हिला चाड्यावर घ्यायचे. मग भावाभावांची वाटणी झाली, रानं वेगळी झाली, आणि पहिल्याच वर्षी नीलव्वानं पेरलेलं रान टकलं पडलं. बांधापलीकडे अक्काचं रान दाट, हिरवंगार. सासूनं ओसरीवर बसून निकाल दिला, "बी येकाच घरचं, पाऊस येकच. मूठच वांझ, त्याला रान काय करंल?" नीलव्वाला मूल नव्हतं. गावाला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून तिला कुणी पेरणीला बोलावलं नाही. नवरात्रात घटाच्या मातीत धान्य टाकायलाही तिला पुढे घेत नसत. आणि वाईट हे की तिनंही ते खरं मानलं.

हे सगळं ऐकून मी तेव्हा संतापले होते आणि तो संताप अक्कापाशी बोलूनही दाखवला होता. "अक्का, तुमी तरी सासूला बोलायचं की!" ती कणसं चोळत होती. उठून आत गेली.

गेल्या वर्षी ऐन घट बसायच्या दिवसांत सीना गावात आली. पाणी समाजमंदिरात शिरलं आणि कितीतरी वेळ निघालंच नाही. ओसरल्यावर आम्ही बायकांनी दार ढकललं, तर मडकी फुटलेली, डबे उपडे, आणि चिखलात सगळ्या बियांना मोड आलेले. हुलगा, मटकी, गहू, शाळू, सगळं एकमेकांत. आंबलेला वास येत होता. सगळं बी एकाच खोलीत ठेवायचा शहाणपणा आम्हा सगळ्यांचाच, त्यामुळे ओरडायलाही कुणी उरलं नव्हतं.

पुढे बियाण्याच्या पिशव्या आल्या कुठून कुठून. काळ्या रानात त्यांचं भागलं. पण नदीकाठची रानं पुरानं खरवडून नेली होती, वरची माती गेली आणि मुरूम उघडा पडला. गटातल्या जगूबाईच्या, बसव्वाच्या, कितीतरी जणींच्या वाट्याला तेवढंच रान. तिथं पिशवीतलं बी कोंब काढून जळून जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. बायका अक्काच्या दारात आल्या. "अक्का, दगडी द्या. त्यो मुरमात बी येतो." अक्काकडे दाणा नव्हता. माहेरी फोन केला तर भाऊ म्हणाला, इकडं सगळा ऊस झाला, दगडी आता कुणी लावत नाही. बँकेतून ज्यांनी नेला होता त्यांची घरंही नदीकाठचीच.

तेव्हा मला आठवलं. मी ताकाला नीलव्वाकडे जाते. तिच्या चुलीवर, आढ्याला, धुरात काळवंडलेल्या कणसांचे झुबके टांगलेले असतात. मी एकदा विचारलंही होतं. तिनं सांगितलं, "वाटनीच्या सालातलं. त्यातलं जे उगवलं त्याचंच बी धरून दरसाल परसात लावती. म्हंजी ह्ये लावत्यात. मी नुस्त्या काकऱ्या पाडती, बी ह्येंच्या हातनं." म्हणजे मातीत चर ती ओढणार, पण बी पडणार संगप्पाच्या, तिच्या नवऱ्याच्या हातून. स्वतःच्या परसात, चार हात जागेत, कुणी बघत नसताना, तरी बियाला स्वतःचा हात लावायचा नाही.

मी उड्या मारत अक्काकडे गेले. ती शाळेच्या ओट्यावर चिखलातून वेचलेले दाणे वाळत घालत होती. "अक्का, दगडी सापडला! नीलव्वाकडं हाय. चला, आत्ता जाऊ." मला वाटलं ती मला मिठी मारेल. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि भिंतीला टेकली.

"मथुरा, तू जा. मी न्हाय येनार."

"का? सख्खी जाऊ तुमची."

"मला तोंड न्हाय तितं जायाला."

मग तिनं सांगितलं. वाटणीत विहिरीकडचं रान धाकट्याला गेलं होतं, ते तिला सलत होतं. त्यात सासरे उठता-बसता धाकटीच्या मुठीचं कौतुक करायचे. बी निम्मं-निम्मं वाटून द्यायचं ठरलं. घरात बी दोन ठिकाणी होतं. मडक्यात नवं, निवडलेलं. माळ्यावरच्या डब्यात दोन-तीन वर्षांचं जुनं, सोंडे लागलेलं. अक्कानं जुनं खाली काढलं, पाखडलं, भोकं दिसू नयेत म्हणून वरून ताजी राख चोळली आणि ते जावेच्या पदरात घातलं. माप मात्र शीग लावून.

"मला वाटलं, जरा इरळ उगवंल. माज्या रानाफुडं तिचं रान उजवं दिसू नये, येवढंच व्हतं मनात. शपत घेती, येवढंच. मग सासू तसं बोलली. मी तितंच पीठ मळत व्हते. म्हनलं, उद्या सांगू. उद्या सांगू म्हनता म्हनता साऱ्या गावच्या तोंडात त्ये बसलं. मग कुटं सांगायचं गं?"

मी चिडले. मोठी आहे म्हणून काही बोलले नाही असं नव्हे. बोलले. "मग हुरड्याच्या पाट्या कशाला धाडत व्हता?" असं तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "दुसरं काय धाडू?" त्या प्रदर्शनातल्या स्टेजवर साहेब माइकवर म्हणाले होते की या माउलीनं आयुष्यभर मुक्त हस्तानं बी वाटलं. तो शब्दन् शब्द तिला कसा लागला असेल, हे मला त्या ओट्यावर कळलं. दया येत होती आणि रागही जात नव्हता.

शेवटी ती उठली. बी तर हवंच होतं. जगूबाईची सून रोज विचारून जात होती. आम्ही दोघी टेकाडावर गेलो. नीलव्वा दारात जोंधळा पाखडत होती. अक्काला पाहून तिनं लगबगीनं घोंगडं अंथरलं. "अक्का, बस की. पानी घे." आम्ही कशाला आलोय हे मीच सांगितलं. तिनं दुसरा शब्द विचारला नाही. संगप्पाला हाक मारून आढ्याचे झुबके उतरवायला लावले, आतून एक गाडगंही आणलं, गेल्या सालच्या दाण्यांनी भरलेलं. सगळं एका धोतराच्या फडक्यात बांधून तिनं अक्कापुढे सारलं.

"तुज्याच घरचं बी हाय, अक्का. तू येवढं निम्मं वाटून दिलं, आन् माज्या हातानं त्ये नासलं. उरलं तेवढं जपलं बग. आता तुज्या हातात गेलं, बरं वाटलं."

अक्कानं गाठोडं उचललं. आम्ही अंगण ओलांडलं. मी मनात म्हणत होते, चला, बी मिळालं, बाकीचं देव बघेल. अशा वेळी माझं मनही फार सरळ चालत नाही. तेवढ्यात अक्का थांबली, माघारी वळली, आणि गाठोडं नीलव्वाच्या पायाशी ठेवून उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. कन्नडात सांगितलं. जुना डबा, सोंडे, राख, पीठ मळणं. काही लपवलं नाही, आणि स्वतःची बाजूही मांडली नाही.

नीलव्वानं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"त्या दिशी मुठीला हलकं लागलं व्हतं," ती म्हणाली. "पैली काकरी पुरी व्हायच्या आदीच लागलं व्हतं. शाळू असा हलका नसतो. पर म्हनलं, अक्कानं दिलंय, खोटं कसं असंल? मग मी मुठीलाच खोटं ठरवलं."

अक्का तिच्या पायाला हात लावायला वाकली. थोरली जाऊ धाकटीच्या पायाला. नीलव्वानं पाय मागे घेतले.

"पाया कशाला पडती? हितं माज्या अंगनात मला येकटीला सांगून काय उपेग? मला काय येकटी तूच बोललीस? साऱ्या गावानं बोललं. ओटी भरायला मला मागं सारलं. मी सवता मला मागं सारलं. ज्यांच्या कानात त्ये गेलंय, त्येंच्या कानात ह्ये बी गेलं पायजे."

"सांगती," अक्का म्हणाली.

"आन् बी मी तुज्या हातात न्हाय देत आता. बँकंत मी आनून देईन."

बँक म्हणजे आता शाळेचा ओटाच होता. वाफसा आला, ओल पेरण्याजोगी झाली, तेव्हा दगडी वाटायला बायका जमल्या. नीलव्वा गाठोडं डोक्यावर घेऊन आली. पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे कुजबुज झाली. बसव्वाची म्हातारी सासू दुसरीच्या कानात काहीतरी बोलली, आणि ते काय असेल हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अक्का उभी राहिली. पदराची चुंबळ करून हातात घट्ट धरली होती. टेकाडावर जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, या वेळी मराठीत आणि कन्नडातही, म्हणजे कुणी समजलं नाही असं म्हणायला जागा उरू नये. "तिची मूठ खोटी नव्हती. बी खोटं व्हतं. मी दिलं व्हतं, समजून उमजून दिलं व्हतं."

बायकांना मान वर करून बघायची सोय नव्हती, कारण समोर नीलव्वा बसली होती. मग म्हातारीच म्हणाली, "जाऊ द्या गं. झालं गेलं."

नीलव्वा तिच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "आजी, जाऊ दे म्हनायचं तर मी म्हनीन. तुमी न्हाय."

मग तिनं फडकं सोडलं. मी माप पुढे केलं, ते तिनं बाजूला ठेवलं आणि मुठीनं वाटायला लागली. बी थोडं होतं आणि घेणाऱ्या पुष्कळ, त्यामुळे दरेकीला अगदी मोजकं. जगूबाईच्या पदरात, तिच्या सुनेच्या पदरात, बसव्वाच्या. म्हातारीच्याही. दुप्पट परत करायचं, असं मी दरेकीला सांगत होते, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

रांगेत शेवटी अक्का उभी होती. तिचंही नदीकाठचं रान खरवडून गेलं होतं, तिलाही पेरायचंच होतं. तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं. फडक्यात अजून चार-दोन मुठी शिल्लक होत्या. मला दिसत होत्या, तिलाही दिसत होत्या. नीलव्वानं त्या गोळा करून फडक्याची गाठ मारली.

"अक्का, तुला फुडल्या साली," ती म्हणाली.

"बरं," अक्का म्हणाली, आणि रिकामी पिशवी घडी घालून रांगेतून बाजूला झाली.